‘घोड्याला भीती कळते म्हणतात, मग ती लपवू कशी?’

प्रिय ताई,

माझं वय 44. पुण्यात एका विमा कार्यालयात नोकरी करते. अकरा वर्षांच्या लेकीला घोडेस्वारीच्या क्लासला सोडायला जायचे आणि तासभर कठड्याशी उभी राहून बघायचे. मलाही बसायचंय, हे लहानपणापासून मनात होतंच. दिवाळीनंतर माझंही नाव घातलं. घरात ‘वरातीमागून घोडं’ म्हणून झालं, ते मी मनावर घेतलं नाही. घोडा चालत असतो तोवर छान वाटतं. ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल, सुरू झाली की मी पोत्यासारखी आपटते. नवव्या तासाला माझा घोडा बादल एका उडत्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजला आणि मी पुढे त्याच्या मानेवर आले. पडले नाही. पण तेव्हापासून क्लासच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. लगाम धरताना हात थरथरतात. सर म्हणतात, “मॅडम, घाबरू नका, घोड्याला भीती कळते.” म्हणजे आता भीती वाटतेय याचीही भीती! ती लपवायची कशी? शिवाय माझं वजन 68 किलो आहे. त्या मुक्या जनावराला त्रास होत असेल का, हाही घोर आहेच. सोडून देऊ का?

– स., पुणे

प्रिय स.,

सोडू नका. पण पुढचे तीन-चार तास ट्रॉटही करू नका. तुमच्या पत्रात वय आहे, वजन आहे, घरच्यांचं बोलणं आहे, पण घोडं पेंड खातंय ते ‘ती लपवायची कशी’ या तीन शब्दांत. म्हणून आधी तिथेच येते.

तुमच्या सरांचं म्हणणं खरं आहे. स्वीडनमधला एक प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. माणसांना ठरलेल्या वाटेवरून घोडा घेऊन चार वेळा जायला सांगितलं होतं, काहींनी दोर धरून चालत, काहींनी स्वार होऊन. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितलं, की आता तुम्ही जाताना समोर छत्री उघडली जाणार आहे. छत्री कोणी उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही वाढले. छत्रीबद्दल घोड्यांना तर कोणीच काही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा लपवण्याचा नाद सोडून द्या. माशी बसली की नेमकी तेवढीच कातडी थरथरवणारा हा प्राणी आहे. पाठीवरचं माणूस श्वास रोखून बसलंय हे त्याच्यापासून कसं लपेल? तुम्हाला ‘घाबरू नका’ म्हणून सांगणं म्हणजे ताप आलेल्याला ‘गरम होऊ नका’ म्हणण्यासारखं आहे. भीती हुकमाने जात नाही. ती शरीराला जे करायला लावते, ते मात्र आपल्याला बदलता येतं, आणि घोडा वाचतो ते शरीरच.

घाबरल्यावर आपण काय करतो? श्वास अडकतो. गुडघे आवळतात, टाचा वर जातात, अंग पुढे झुकतं आणि हात नकळत लगाम ओढून छातीशी घेतात. घोड्याला यातून एकाच वेळी तीन निरोप मिळतात. पाय आवळले म्हणजे चल. वजन पुढे गेलं म्हणजे पळ. लगाम ओढला म्हणजे थांब. त्याने ऐकायचं कोणाचं? त्यातून मुंबई-पुण्याच्या क्लासांमध्ये बरेच घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे, असतात. शर्यतीत जॉकीने लगाम ताणून धरलेला असतो आणि त्या ताणावर भार टाकून पळायची त्यांना सवय झालेली असते. बादल त्यांच्यातला असेल तर तुम्ही जितकं ओढाल तितका तो पुढे रेटेल, आणि तुम्हाला वाटेल की हा मुद्दाम करतोय.

पिशवीचंही असंच आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं; दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. तो शिकार करणारा प्राणी नाही, शिकार होणारा आहे. माळावर जगलेल्या त्याच्या पूर्वजांपैकी जो आधी पळाला आणि मग विचार केला, तोच वाचला. कळपातल्या एकाने मान वर करून अंग ताठरलं की बाकीचे चरणं थांबवतात. नवव्या तासाला तुमचा कळप दोघांचाच होता. त्याला पिशवी दिसली, आणि त्याच क्षणी पाठीवरची सोबतीण ताठरली. मग त्याची खात्रीच पटली, की त्या पिशवीत नक्की काहीतरी आहे.

माझी गोष्ट सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना ती सारखी आठवत होती. मी शिकायला लागले तेव्हा 38 वर्षांची होते. एका क्लबात महिनाभर झाला होता. एका सकाळी घाईघाईत घोड्यावर बसवलं गेलं आणि कोणी तंग, म्हणजे खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा, पुन्हा तपासला नाही. खोगीर घालताना पुष्कळ घोडे पोट फुगवून, अंग ताठ करून उभे राहतात. चार पावलं चालले की पोट सैल होतं आणि तंगही सैल पडतो. वळणावर खोगीर बाजूला फिरलं आणि खोगिराबरोबर मीही. पडताना हात पुढे टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. शिकवणाऱ्यांचं लक्ष त्या वेळी फोनमध्ये होतं. या गोष्टीचा राग मला पुढे कितीतरी महिने येत राहिला, आणि आजही मला तो रास्त वाटतो.

प्लास्टर निघाल्यावर मी दुसऱ्या ठिकाणी गेले आणि सांगून टाकलं, की मी बसणार नाही, नुसती येणार आहे. तिथे एक वयस्कर सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. जुन्या मराठीत ज्याला मोतद्दार म्हणत, तेच काम. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी काही विचारलं नाही. हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायची घासणी, दिला आणि एक म्हातारी तांबडी घोडी दाखवली. “मानेपासून सुरू करा. गोल गोल. जोर लावा, तिला आवडतं.” महिनाभर मी एवढंच केलं. मान, खांदा, पाठ, पुठ्ठा. नेमक्या जागी खरारा पोचला की ती खालचा ओठ लोंबता सोडायची आणि डोळे अर्धे मिटायची. खूर उचलायला शिकले. खुराच्या खाली मध्यभागी रबरासारखा मऊ त्रिकोणी भाग असतो, तो दुखावू न देता बाजूची माती आकड्याने कशी कोरायची ते शिकले. तिच्या श्वासाला चंदीचा, म्हणजे घोड्याच्या दाण्याचा, वास असायचा, तो ओळखीचा झाला. कान मागे पण ढिले, म्हणजे ती पेंगतेय. कान मागे मानेला चिकटवलेले, म्हणजे दूर व्हा. एक कान माझ्याकडे वळलेला, म्हणजे तिचं माझ्याकडे लक्ष आहे. महिन्याच्या शेवटी मामा म्हणाले, “आता बसा की. तिला तुम्ही माहीत झालात.” मला वाटत होतं की मी तिला ओळखायला शिकतेय. तीही तेच करत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या दिवशी भीती होती का? होती. पण ती आता त्या एका घोडीची, तिच्या ओळखीच्या झालेल्या सवयींची होती. ‘घोडा’ नावाच्या मोठ्या अंधाराची नव्हती. तुम्हाला याच वाटेने न्यावं असं मला फार वाटतं.

म्हणून पुढच्या वेळी क्लासच्या अर्धा तास आधी पोचा आणि बादलला खरारा करायची परवानगी मागा. जवळ जाताना खांद्याच्या बाजूने जा, आधी आवाज द्या, मग हात लावा. मागून पलीकडे जायचं असेल तर एकतर पुठ्ठ्यावर हात ठेवून अगदी चिकटून जा, नाहीतर चांगलं दहा-बारा फूट लांबून. मधल्या अंतरावर लाथ सगळ्यात जोरात लागते. दोर हाताला गुंडाळून कधीही धरू नका. घोडा बिथरला तर हात सुटला पाहिजे. तंग बसण्याआधी स्वतः तपासा, आणि चार मिनिटं चालून झाल्यावर पुन्हा तपासायला सांगा. सर कंटाळले तरी सांगा.

नंतर सरांकडे लाँज मागा. शब्द तुम्ही ऐकला असेल. सर मध्ये उभे राहतात, साताठ मीटरचा लांब दोर घोड्याच्या तोंडाशी बांधलेला असतो आणि घोडा त्यांच्याभोवती गोल फिरतो. वेग, वळण, थांबणं, सगळं त्यांच्या हाती. तुमच्या हातात लगाम नसतो, आणि म्हणूनच हे शिक्षण लाखमोलाचं आहे. लगाम हाती असला की नवशिका माणूस बसमधल्या वरच्या दांडीसारखा त्याला लोंबकळतो, आणि दांडीचं दुसरं टोक घोड्याच्या तोंडात असतं. लाँजवर सुरुवातीला खोगिराचा पुढचा उंचवटा एका हाताने धरा, मग सोडा. हात पसरा. मान वळवून शेपटीकडे बघा. एक हात आयाळीवर, दुसरा कमरेवर. डोळे मिटून कोणता खूर कधी पडतोय ते ओळखा. चालीत चार ठोके स्पष्ट कळतात, आणि त्या लयीत आपलं एकेक कुल्लं किंचित पुढे सरकतं. तेवढं सरकू द्यायचं. अडवायचं नाही, मुद्दाम हलवायचंही नाही. जुने लोक ज्याला ‘मांड’ म्हणत ती इथे तयार होते. मांड पक्की म्हणजे मांड्या आवळलेल्या, असं बहुतेकांना वाटतं. नेमकं उलटं आहे. साबणाची ओली वडी मुठीत दाबली की ती वर सटकते, तसं गुडघे दाबले की आपण वर सटकतो.

इथे मला डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांची आठवण हटकून येते. 1944 साली पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली त्यांच्या पायांत बळ उरलं नाही. घोड्यावर चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घेण्याच्या, प्रकारात पहिल्यांदाच स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने उतरू दिलं गेलं, आणि हार्टेल यांनी ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून रौप्यपदक घेतलं. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. पोटऱ्यांनी इशारा देणं त्यांना शक्य नव्हतं, टाचा दाबणं शक्य नव्हतं. पाठ, कंबर आणि वजन एवढ्यावर त्या घोडीशी बोलत होत्या. पकड नसल्यामुळे पडेन असं वाटलं की हे आठवून बघा.

आता ट्रॉट, आपली दुडकी चाल. ती का आपटते, ते एकदा कळलं की निम्मा राग जातो. चालीत एकेक पाय पडतो. ट्रॉटमध्ये पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम पडतात, मग दुसरी जोडी. दोनच ठोके, आणि मध्ये क्षणभर चारही पाय हवेत. प्रत्येक वेळी घोड्याची पाठ तुम्हाला वर फेकते. तुम्ही खाली येता तोवर ती पुन्हा वर येत असते, म्हणून टक्कर होते. रायझिंग ट्रॉटमध्ये एका ठोक्याला ती फेक घेऊन उठायचं आणि पुढच्या ठोक्याला अलगद टेकायचं. ‘उठायचं’ या शब्दाने सगळा घोटाळा होतो. लोक रिकिबीवर दाब देऊन उभे राहतात आणि लय चुकते. आपण उठायचंच नाही, घोडा उचलतो. आपण फक्त बेंबी थोडी पुढे जाऊ द्यायची.

आणि मोठ्याने बोलायचं. मी ‘विठ्ठल, विठ्ठल’ म्हणायचे. ‘विठ्’ला वर, ‘ठल’ला खाली. दोन ठोके नेमके बसतात. पण याचं खरं काम निराळंच आहे: बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखून धरता येत नाही. श्वास बाहेर पडला की खांदे उतरतात, खांदे उतरले की हात मऊ होतात, आणि पुष्कळदा घोडाही त्याच वेळी नाकातून लांब फुर्र करतो. ते ऐकाल त्या दिवशी मला कळवा. मैदानात लाज वाटत असेल तर गुणगुणा, पण आवाज निघाला पाहिजे.

लाँजवर हे तीन-चार तास झाले की लगाम हाती घ्या आणि फक्त मैदानाची एक लांब बाजू ट्रॉट करा. मग चाल. मग पुन्हा एक बाजू. तुम्ही ‘आता पुरे’ म्हणण्याआधी थांबा. शरीराला ‘थांबता येतं’ हे कळणं वेगापेक्षा महत्त्वाचं आहे. नजर घोड्याच्या कानांवर नको, जायचंय तिकडे, कठड्यापलीकडचं एखादं झाड धरून ठेवा. आणि पुन्हा पिशवी उडालीच, तर श्वास सोडा, वजन खाली बुडू द्या, एका हाताने आयाळ किंवा खोगिराचा उंचवटा धरा. आयाळ धरण्यात कमीपणा काही नाही. लगामाला लोंबकळण्यापेक्षा घोड्यासाठी ते शतपटीने बरं. घोडा फारच पुढे निघाला तर दोन्ही लगाम ओढून उपयोग होत नाही. एकच लगाम हळूहळू बाजूला घ्या, मान वळली की तो गोल फिरेल आणि मंदावेल. हे सरांकडून आधी उभ्या घोड्यावर, मग चालीवर घोटून घ्या. ऐनवेळी पहिल्यांदा करायची ही गोष्ट नव्हे.

वजनाचं तुम्ही विचारलंत, याचा मला आनंद झाला. फार थोडे लोक विचारतात. सर्वसाधारण दंडक असा, की स्वार आणि खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा, म्हणजे 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि त्याच्या खाली जितका असेल तितका चांगला. घोड्याचं वजन टेपनेही काढता येतं. पुढच्या पायांमागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि त्याचा वर्ग करा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी घेऊन तिने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 180 आणि लांबी 160 असेल तर उत्तर साधारण 436 किलो येतं. त्याचा पाचवा हिस्सा 87. तुमचे 68, खोगीर, हेल्मेट आणि बूट धरून 78 च्या आसपास. म्हणजे बादल निरोगी असेल, त्याची पाठ दुखत नसेल आणि खोगीर त्याच्या मापाचं असेल, तर काळजी नको. मात्र हाच हिशेब लहान चणीच्या 250 किलोच्या तट्टाला लावला तर पन्नास किलोच होतात. थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्रकिनाऱ्यावर असं तट्टू समोर आलं तर तुम्ही नाही म्हणा. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोडा हे तिथे रोजचं वाहन आहे, आणि घोडेवाल्यांचं पोट त्यावर चालतं. तिथे मोठ्या अंगाचा, ताज्या डोळ्यांचा, पाठीवर जखम नसलेला घोडा मागून घ्या. ती रपेट मजेची आहे. फक्त ती शिकवणी नाही. दोर दुसऱ्याच्या हातात असतो.

खरं तर 68 किलो शांत बसलेले घोड्याला हलके वाटतात आणि 50 किलो आपटणारे जड. म्हणूनच लाँजवर आधी मांड तयार करायला सांगतेय.

साधनांचं थोडक्यात सांगते. हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, स्कूटरचं किंवा सायकलचं नको. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदला. बुटांना इंचभर टाच हवी, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडल्यावर अडकून फरफट होते. स्पोर्ट्स शूज म्हणूनच नकोत. ओढणी नको, मंगळसूत्र आत, अंगठ्या घरी. आतून जाड शिवण असलेल्या जीन्सने मांड्या सोलवटतात. स्पोर्ट्स ब्रा घ्या, ट्रॉटचा निम्मा त्रास तिथेच कमी होतो, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते बघा, कारण ते जंतू लीद पडलेल्या मातीत असतात. चाळिशीनंतर आपली हाडं विरळ होऊ लागतात. तेव्हा मागे कधी किरकोळ पडून हाड मोडलं असेल, पाळी लवकर गेली असेल किंवा मणक्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लपवून घोड्यावर बसू नका.

घरी करायचं तर जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाचा खाली सोडा, एक मिनिटभर. मालासनात बसा. भाजी निवडायला खाली मांडी घालून बसायची सवय सुटली असेल तर पुन्हा लावा. कंबर आणि जांघा मोकळ्या झाल्या की घोड्यावर पाय आपोआप लांब होतो.

राहिली तुमची लेक, जी आधीपासून शिकतेय आणि पुढे असणारच. जाऊ द्या तिला. तिच्या डोळ्यांसमोर मोडलेलं हाड, रजेचा अर्ज आणि स्वयंपाकघर येत नाही. तुमचं डोकं जमिनीपासून आठेक फुटांवर असतं आणि खाली कोण कोण तुमच्यावर अवलंबून आहे हे तुम्हाला माहीत आहे. ही अक्कल आहे, भित्रेपणा नव्हे. जपानचे हिरोशी होकेत्सू 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला उतरले तेव्हा 71 वर्षांचे होते. ते नवशिके नव्हते, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही खेळलेले होते, म्हणून त्यांच्याशी तुलना करायला सांगत नाही. पण ‘या वयात शरीर ऐकत नाही’ असं घरात कोणी म्हटलं तर त्यांचं नाव घ्या. माझ्या पाहण्यातले प्रौढ विद्यार्थी आठवड्यातून दोनदा आले तर पंचवीस-तीस तासांत चाल आणि ट्रॉटवर स्थिर होतात. पोरांना दहा लागतील. तुम्हाला चाळीस लागले तरी तुमचा घोडा कोणत्या खुराने किंचित लंगडतोय हे पोरांआधी तुम्हाला दिसेल, कारण तुम्ही त्याच्याकडे बघता. पत्रात लेकीबद्दल एक ओळ आणि बादलच्या पाठीबद्दल दोन ओळी लिहिणारी बाई आहात तुम्ही.

एक मात्र ठाम सांगते. लाँज मागितल्यावर सरांनी हसण्यावारी नेलं, तंग तपासायचा कंटाळा केला, किंवा ‘भीती मोडायची’ म्हणून तुम्हाला कँटरला, म्हणजे ट्रॉटहून वेगवान चालीला, ढकललं, तर भरलेली फी विसरा आणि दुसरी जागा बघा. तिथे पहिल्या दिवशी मैदानाआधी तबेला बघा. बादलीत पाणी स्वच्छ आहे का, घोड्यांच्या बरगड्या मोजता येतात का, अनोळखी माणूस आल्यावर ते मान पुढे करतात की कान पाडून मागे सरतात. घोड्यांशी नीट वागणारी जागा नवशिक्यांशीही बहुधा नीट वागते. बादल स्वतःच बुजरा असेल, तर तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या, सगळ्यात आळशी घोड्याची मागणी करा. आळशी घोड्याइतका चांगला गुरू मला अजून भेटलेला नाही.

आदल्या रात्री झोप लागत नसेल तर उद्याचा तास मनात पुरा करू नका, फक्त खराऱ्यापर्यंत जा. मान, खांदा, पाठ. तिथे पोचून बसावंसं वाटलं तर बसा, नाही वाटलं तर खरारा करून, त्याला पाणी दाखवून घरी या. त्या तासाची फी वाया गेली असं समजू नका.

आणि बादलसाठी गाजर न्यायचं असेल तर आधी सईसांना विचारा. घोड्याला ओकता येत नाही, पोटात बिघडलं तर जिवावर बेततं. ते हो म्हणाले तर गाजर उभं चिरून लांबट तुकडे करा, आणि तळहात सपाट ठेवून, अंगठा बाजूला चिकटवून द्या.

तुमची,
ताई